माणसं एकतीस, पैकी आयोजक नऊ

माझ्याकडे एक हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही आहे. आमच्या पतसंस्थेत पूर्वी किर्द लिहायला असायची तसली. संगणक आल्यावर दोन वह्या कोऱ्याच राहिल्या, त्यातली एक साहेबांना विचारून मी घरी आणली. तिच्यातली पहिली नोंद जानेवारी २०१९ ची आहे. ‘तालुक्याचं वाचनालय. माणसं ३१, पैकी आयोजक ९. भाषण ४५ मिनिटं. मानधन: शाल, श्रीफळ, झेंडूचा गुच्छ. एसटी जाऊन-येऊन स्वतःची. पुस्तकं विकली २. प्रश्न १: भूत पाहिलंय का?’

मी भयकथा लिहिते. दिवसा चिपळूणच्या एका पतसंस्थेत लेखापाल असते आणि रात्री ओटा पुसून झाला की लोकांची झोप उडवायच्या कामाला लागते. पहिली कथा २०१२ च्या एका दिवाळी अंकात आली, संग्रह २०१८ मध्ये. लिहिताना मला कधी भीती वाटली नाही. बोलायला बोलावलं तेव्हा वाटली. लिहिणाऱ्याने लिहावं आणि गप्प राहावं असं माझं मत होतं, अजूनही अर्धंअधिक तेच आहे. पण पुस्तक आलं की फोन येतोच, आणि ‘नवोदितांना मार्गदर्शन करा’ म्हणतात. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे अजून पलंगाखाली आणि मार्गदर्शन करा!

आंब्यासारखा लेखकाचाही हंगाम असतो. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला कलामांच्या जन्मदिवशी वाचन प्रेरणा दिन. या तारखांच्या आधी आठवडाभर फोन वाजतो. “मॅडम, कुणीतरी साहित्यिक हवाय.” त्यातलं ‘कुणीतरी’ मी आता मनाला लावून घेत नाही. सरकारमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, त्यावर अनुदान ठरतं, आणि एका ग्रंथपालांनी तर मला सरळच सांगितलं होतं, “तुम्ही काहीही बोला, फक्त दीपप्रज्वलनाच्या वेळी कॅमेऱ्याकडे बघा. फोटो फायलीला लावायचाय.”

त्या पहिल्या भाषणाची तयारी मी मार्च एंडिंगची करते तशी केली होती. अकरा फुलस्केप पानं. मथळा होता ‘मराठी रहस्य-भयकथेची वाटचाल’. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तिथपासून मी जी गाडी सोडली ती बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांवरून, नारायण धारपांवरून, रत्नाकर मतकरींवरून थेट आजच्या मोबाइलवरच्या कथांपर्यंत. एकही सन चुकला नाही. एकाही माणसाला त्याचा उपयोग झाला नाही. तिसऱ्या रांगेतले काका विसाव्या मिनिटाला झोपले आणि पस्तिसाव्याला घोरायला लागले. माईक अधूनमधून किंचाळत होता. त्या दिवशी सभागृहात भीतीदायक असं तेवढंच काय ते होतं. माझ्यानंतर अध्यक्षीय समारोप झाला. तो माझ्या भाषणापेक्षा दहा मिनिटं मोठा होता आणि त्यात भयकथा हा शब्द एकदाही आला नाही.

मग पाचवी-सहावीतला एक मुलगा उभा राहिला. “तुम्ही भूत पाहिलंय का?”

मी त्याला पाच मिनिटं उत्तर दिलं. भूत ही संकल्पना, मनाचे खेळ, वैज्ञानिक दृष्टिकोन, वगैरे. तो उभाच होता. कुणी ‘बस’ म्हटलं नव्हतं म्हणून उभा. मी बोलत होते आणि त्याचा चेहरा हळूहळू विझत होता. परतीच्या गाडीत कुंभार्ली घाट उतरताना मला ते पोर सारखं दिसत राहिलं. एकतीस माणसांत मनापासून काहीतरी हवं असलेला तो एकटाच होता आणि त्याला मी परिपत्रक वाचून दाखवलं.

हाच प्रश्न पुढे वहीत इतक्या वेळा आला की मी ‘भू. पा. का?’ एवढंच लिहायला लागले. त्याचं खरं उत्तर सापडायला वर्ष लागलं, आणि ते साहित्यात नाही, माझ्या नोकरीत सापडलं. आता मी सांगते की भूत नाही पाहिलं, पण एकदा आमच्या पतसंस्थेची रोकड जुळली नाही. दिवसअखेर मोजली तर अठरा रुपये निघाले. कमी नाही हं, जास्त! रोकड कमी पडली की कुणी घाबरत नाही, चिडतात. कारण कमी पडली म्हणजे कुणीतरी घेतली. जास्त झाली तर? कुणी ठेवली? आम्ही तिघं रात्री अकरापर्यंत बसलो होतो. बाहेर पाऊस, बँकेच्या काउंटरसारखी ती जाळी, आणि टेबलावर कुणाचेच नसलेले अठरा रुपये.

एवढं बोलून मी थांबते. सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येतो. मग कुणीतरी विचारतंच, “सापडले का?” मी हसते आणि पाणी पिते. (तुम्हाला सांगते: सापडले. फरकाला नऊने भाग गेला की आधी अंकांची अदलाबदल शोधायची हे लेखापालाला शिकवावं लागत नाही. बेचाळीस रुपयांची पावती चोवीस म्हणून चढली होती. पण व्यासपीठावरून हे मी आजवर सांगितलेलं नाही.)

नव्याने लिहिणाऱ्यांपुढे बोलायला माझ्याकडे असलेलं एकमेव भांडवल म्हणजे हे अठरा रुपये. भीती म्हणजे एकाने न जुळणारा हिशेब. बाकी कवट्या, रक्त, कोल्हेकुई हा सगळा किरकोळ खर्च.

तिथवर पोचण्याआधी मी कथाकथन करून पाहिलं. आपल्याकडे त्याची मोठी परंपरा आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव फिरून तिकीट काढायला लावून लोकांना कथा ऐकवल्या. वपुंचं कथाकथन तर घराघरांत कॅसेटवर वाजायचं. पण विनोदी कथा सांगणाऱ्याला एक सोय असते, लोक हसले की त्याला कळतं. भयकथा सांगणाऱ्याला काय कळणार? घाबरलेला माणूस गप्प असतो आणि कंटाळलेलाही गप्पच असतो. शिवाय आमचे कार्यक्रम भर दुपारी, पत्र्याच्या मांडवात, शेजारी जनरेटर, मागे वडे तळण्याचा वास. “आणि मग त्या काळोखात,” असं मी म्हणते आणि समोर पाण्याच्या बाटल्या वाटणारा मुलगा विचारतो, “ताई, थंड की साधं?”

आवाज चढवून काही होत नाही हे मात्र लवकर कळलं. उलट माईक जवळ घेऊन आवाज उतरवला की मागची रांग पुढे वाकते. मोठ्याने वाचायला लागल्यावर माझी स्वतःची वाक्यं मला पहिल्यांदा ऐकू आली, आणि त्यातली निम्मी दमेकरी निघाली. ‘ज्या’, ‘त्या’, ‘ज्यामुळे’ लावून चार ओळी ओढलेलं वाक्य डोळ्यांना चालतं, फुप्फुसांना चालत नाही. पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करून वाचायला लागले. खुणेला जागा मिळाली नाही की वाक्य तोडायचं. वाचन सात मिनिटांच्या वर न्यायचं नाही. आणि शेवटची ओळ कागदावर न बघता म्हणायची, कारण आपण कागदात बघितलं की ऐकणाऱ्याला कळतं की हे सगळं कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय.

सर्वांत चांगला कार्यक्रम झाला तो मालवणकडच्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात, संध्याकाळी सातला. मी मुंजाची गोष्ट वाचत होते आणि चौथ्या मिनिटाला वीज गेली. माईक बंद. मोबाइलच्या उजेडात वाचायला लागले तर एका बाईने हात धरून मोबाइल खाली केला आणि म्हणाली, “तशीच सांग.” मग मी तशीच सांगितली. पाठ नव्हती, अर्धी बदलली. त्या काळोखात सत्तर-ऐंशी माणसं होती आणि एक खोकला आला नाही. वहीत त्या दिवसापुढे माणसांचा आकडा मी लिहिलेलाच नाही. मोजणार कशी?

वीज आल्यावर एक आजोबा काठी टेकत आले. मला वाटलं, कौतुक करतील. “बाय, मुंजो पिंपळार आसता. वडार कित्याक बसवलंस?” माझ्या कथेत वड होता, कारण ‘वडाच्या पारंब्या’ लिहायला छान वाटतं. हजार-बाराशे वाचकांत कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत पिंपळ केला. पारंब्या काढाव्या लागल्या तेव्हा लक्षात आलं की त्या परिच्छेदात पारंब्यांशिवाय काहीच नव्हतं.

मग टाळेबंदी आली. दोन वर्षं स्क्रीनवरच्या काळ्या चौकोनांशी बोलले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला. आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. पलंगाखालचे पुस्तकांचे गठ्ठे फुगून विटा झाले. गावातलं १८६४ साली सुरू झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, जिथे मी लहानपणी घरी न सांगता भुताची पुस्तकं वाचली, तिथेही पाणी शिरलं होतं. त्यांच्या ओल्या पुस्तकांपुढे माझ्या गठ्ठ्यांचं दुःख काय करायचं. हिरवी वही माळ्यावर होती म्हणून वाचली. तिच्यासोबत प्लास्टिकच्या फायलीत एक कागदही वाचला, त्याची गोष्ट पुढे येते.

मधल्या काळात एका विभागीय संमेलनाचं बोलावणं आलं. निमंत्रणपत्रिकेवर आपलं नाव बघायला कुणाला आवडत नाही? परिसंवादाचा विषय होता ‘रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा: साहित्य की करमणूक?’ तीन प्रकार एका दोरीला बांधून त्यांना ‘तुम्ही साहित्य आहात का?’ असं विचारायचं. कवितेच्या परिसंवादाला असा विषय देऊन बघा. मुख्य मंडपात नाही, उपमंडपात. वेळ दुपारी अडीच, जेवणात श्रीखंड. वक्ते सहा, प्रत्येकी आठ मिनिटं. पहिल्या वक्त्याने एकवीस घेतली, तेव्हा माझ्या आठची चार झाली. सूत्रसंचालकांची चिठ्ठी तर मी उभी राहिले तेव्हाच आली: ‘आवरते घ्या.’

त्याआधी एका ज्येष्ठांनी फार प्रेमाने सांगितलं होतं की हे प्रकार वाचनाची गोडी लागायला ठीक, पुढे माणसाने ‘गंभीर’ वाचनाकडे वळावं. म्हणजे आम्ही बालवाडी. मी तयार करून आणलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि चार मिनिटांत एकच गोष्ट सांगितली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेल्या कथेवर लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केली, नावामुळे झुकतं माप नको म्हणून टोपणनावाने कथा पाठवली, अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. हाच माणूस २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. प्रकृतीमुळे ते तिथे येऊ शकले नाहीत, ती गोष्ट वेगळी. “तर बालवाडी बरी चाललीय,” म्हणून मी बसले. टाळ्या पडल्या. ज्येष्ठही हसले. पण वहीत मी त्या दिवसापुढे ‘नवोदितांना उपयोग: शून्य’ असं लिहिलंय. मांडवात वीसेक तरुण मुलंमुली वह्या घेऊन बसली होती. आम्ही सहा जणांनी आपापलं रडगाणं गाऊन त्यांना घरी पाठवलं.

पैशांचं एकदा बोलते आणि संपवते. पहिली सोळा बोलावणी मी खिशातून केली. सतराव्याला फोनवर म्हटलं, “प्रवासखर्च आणि दोन हजार मानधन घेते.” पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं लाइन कट झाली. मग आवाज आला, “मॅडम, सरस्वतीचं काम आहे हो.” मी म्हटलं, “हो, पण एसटीत सरस्वतीचा पास चालत नाही.” त्यांनी बोलावलं नाही. पुढच्यांनी बोलावलं. मांडववाला, साउंडवाला, फ्लेक्सवाला, सगळ्यांचे पैसे आधी ठरतात. ज्याच्या नावाचा फ्लेक्स लागतो त्याचेच तेवढे नंतर बघू. आता आधी विचारते. पाकीट घरी आल्यावर उघडते, आणि पुस्तकांच्या पिशवीत पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड असतो. सुट्ट्यांअभावी गेलेली गिऱ्हाइकं आठवली की अजून जीव हळहळतो.

२०२४ मध्ये एका महाविद्यालयाने दोन दिवसांची कथालेखन कार्यशाळा ठरवली. कऱ्हाडच्या अलीकडे. अठरा जण आले. नर्सिंगच्या दोन मुली, एक निवृत्त तलाठी, एसटीचे एक कंडक्टर, गृहिणी, बी.ए.ची पोरं. पहिल्या दिवशी सकाळी मी पुन्हा तीच चूक केली. फळ्यावर ‘वातावरण, पात्र, संघर्ष, कलाटणी’ असं लिहिलं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. उतरवून घेतात तेव्हा माणसं ऐकत नसतात.

जेवणानंतर प्रत्येकाने एकेक पान वाचायचं होतं. अठरापैकी अकरा कथा अमावास्येला सुरू झाल्या. सातांत कोल्हेकुई होती. एका मुलाने मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेतलेली वाचली आणि नंतर कबूल केलं. तिच्यातही कोल्हेकुई होती. मशीनला तरी कुठून सुटणार, तेही आपलंच वाचून शिकलंय.

मग मी फायलीतला तो कागद काढला. माझ्या पहिल्या कथेचं हस्तलिखित, संपादकांनी २०१२ मध्ये परत पाठवलेलं. पहिलं पान पूर्ण तांबड्या पेनने आडवं मारलेलं, दुसरं अर्ध्यापर्यंत, आणि समासात चार शब्द: ‘गोष्ट इथून सुरू होते.’ हा कागद मी बारा वर्षं कुणाला दाखवला नव्हता. चहाच्या सुट्टीत झेरॉक्स काढून अठरा जणांना वाटला आणि मारलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं: “ती अमावास्येची भयाण काळरात्र होती. दूरवरून येणारी कोल्ह्यांची भेसूर कुई आसमंत चिरत होती. जुन्या वाड्याच्या भग्न भिंती जणू काही भूतकाळाची साक्ष देत...” इथपर्यंत येताना नर्सिंगच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. हसू दे. मीच लिहिलेलं होतं. त्या दीड पानानंतर, संपादकांनी ठेवलेली पहिली दोन वाक्यं अशी आहेत: “रहाटाची दोरी ओली होती. विहिरीवर आठ दिवस कुणी गेलं नव्हतं.”

हसू थांबलं. मी काहीच समजावलं नाही. तलाठीकाकांनी स्वतःच्या पानावर पेन काढलं आणि पहिले तीन परिच्छेद मारले. कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी अठरा रुपयांचा किस्सा सांगितला, आणि प्रत्येकाला म्हटलं की आता तुमच्या कामातला न जुळणारा हिशेब शोधा. भूत नको. वाडा नको. रोज हातातून जाणारी गोष्ट घ्या आणि ती एकाने वाढवा.

कंडक्टरभाऊंची आधीची कथा घाटात, धुक्यात, पांढऱ्या साडीतल्या बाईची. मी विचारलं, “फेरी संपल्यावर तुम्ही काय करता?”

“हिशेब. मशीनची तिकिटं आणि पिशवीतले पैसे जुळवायचे.”

“कमी आले तर?”

“खिशातून भरायचे, दुसरं काय.”

“आणि जास्त आले तर?”

ते माझ्याकडे बघत राहिले. “ताई, जास्त येत नाहीत कधी.”

रात्री त्यांनी मुक्कामाच्या खोलीत बसून लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं, त्यातलं पहिलं वाक्य मला पाठ आहे: “घाट उतरून पोफळीला आलो की पिशवीत रोज एका अर्ध्या तिकिटाचे पैसे जास्त निघायचे.” आख्खा वर्ग सरळ बसला. अर्धं तिकीट म्हणजे पोर. ते कुठेही ‘लहान मूल’ असं लिहीत नाहीत. मागून एक गृहिणी म्हणाल्या, “पण भाऊ, आता अर्धं तिकीट बायकांनाही असतं.” मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, खरंच की. सगळे हसले. कंडक्टरभाऊ हसले नाहीत. कागदाकडे बघत म्हणाले, “मग तर अजून वाईट. म्हणजे कोण बसतं तेच कळत नाही.” आणि त्यांनी कथेचं साल बदलून २०२३ केलं.

मला हेवा वाटला. हे खोटं नाही सांगत.

एका नर्सिंगच्या मुलीने रात्रपाळीतल्या वॉर्डाचं लिहिलं. सकाळी चादरी मोजून धुवायला द्यायच्या, आणि एक चादर घडी केलेलीच पण कोमट. तिला मी फक्त ‘कोमट’ नंतरची चार वाक्यं मारायला सांगितली. ती रडवेली झाली, कारण त्या चार वाक्यांत तिने सगळा खुलासा केला होता, चादर कुणाची, का. मी तिला माझा कागद पुन्हा दाखवला. तांबड्या रेघा मोजायला लावल्या. छत्तीस.

दुसऱ्या दिवशीची दुपार ‘व्यवहारा’ची होती, आणि तिथे माझा अंदाज पार चुकला. मला वाटलं, विचारतील दिवाळी अंकाला कथा कधी पाठवायची. (एप्रिल-मेपासून, ऑगस्टमध्ये पाठवून ‘बघा जमलं तर’ म्हणू नये, आणि युनिकोडमध्ये पाठवावी.) पण निम्म्या लोकांची पुस्तकं आधीच निघालेली होती. पैसे भरून! एकाने पाचशे प्रतींना साठ हजार दिलेले, त्यातल्या चारशे कॉटखाली. आयएसबीएनचे वेगळे पैसे घेतले होते, जो आपल्या देशात फुकट मिळतो. कॉपीराइट ‘काढून देतो’ म्हणून आणखी काही हजार. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही, तो तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं राहतो, एवढं मी सांगितलं तेव्हा तो माणूस बराच वेळ पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवत होता. पलंगाखालच्या गठ्ठ्यांचं मला चांगलं माहीत होतं, म्हणून अधिक काही बोलले नाही. त्याची एक प्रत विकत घेतली. वाचली. पहिली दोन पानं मारली तर बरी आहे, तसं त्याला कळवलंही.

तलाठीकाकांनी जाताना चारशे पानांची कादंबरी माझ्या पिशवीत ठेवली आणि प्रस्तावना मागितली. नाही म्हणणं मला अजून जमत नाही, पण एक युक्ती सापडलीय. मी म्हणते, “काका, तुमच्या हाताने शंभर पानं मारून आणा, मग लिहिते.” बरेच जण येत नाहीत. काका सहा महिन्यांनी आले. एकशे चाळीस मारली होती. आता मला प्रस्तावना लिहायची आहे आणि दोन महिने झाले, जमत नाही.

वहीत त्या कार्यशाळेपुढे लिहिलंय: ‘माणसं १८, आयोजक ०. (ते पहिल्या दिवशी फोटो काढून गेले.) मानधन मिळालं. पुस्तकं ११. भू. पा. का? कुणी विचारलं नाही.’

परवा पुढच्या बोलावण्याचा फोन आला. शाळेचं स्नेहसंमेलन, शिवाय पालकांसाठी ‘लिहिते व्हा’ असं काहीतरी. प्रवासखर्च, मानधन, सगळं एका दमात ठरलं, मला इतकं सोपं जायची सवय नाही. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर फ्लेक्सचा नमुना आला. माझा फोटो, दोन्हीकडे समया, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘सुप्रसिद्ध भयानक लेखिका’.

मी लगेच कळवलं, “सर, भयकथा लेखिका असं करा.”

उत्तर आलं, “सॉरी मॅडम, छापून लागला पण.” सोबत फोटो. चौकात, ग्रामपंचायतीच्या समोर, दहा बाय आठ. खाली एक कुत्रं झोपलंय.